आता माझं रक्त चालत न्हाई

रक्तपेढीत नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडं बघतात. या बाईनं किती जणांना सुया टोचल्या असतील, असं त्यांच्या मनात येत असावं. खरं म्हणजे सगळ्या नोकरीत मी कुणालाही सुई टोचली नाही. माझं काम बोलण्याचं होतं. लातूरच्या एका रक्तपेढीत मी समुपदेशक होते. शीतपेट्यांच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली, तीत दोन खुर्च्या, एक पंखा आणि आतून लागणारं दार, एवढाच माझा कारखाना. दारावरची ‘समुपदेशन’ ही पाटी वाचून एकदा एक नवरा-बायको आपलं भांडण मिटवायला आत आले होते. मी दोघांचं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि जाताना नवऱ्याला रक्तदानाच्या खाटेकडं वळवलं. भांडण मिटलं की नाही ते कळलं नाही, पण नवरा नंतरही येत राहिला.

रक्त देणाऱ्याला वाटतं, आपलं रक्त पिशवीत गेलं, पिशवी पेशंटला गेली, झालं. मधे काय होतं ते त्याला दिसत नाही. प्रत्येक पिशवीतल्या रक्ताची तपासणी होते. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया, यांतलं काहीही निघालं तर ती पिशवी नष्ट करतात. पिशवीचं काम तिथं संपतं, पण माणूस उरतो. तो घरी असतो. शिबिरात मिळालेलं प्रमाणपत्र त्यानं भिंतीला लावलेलं असतं. त्याला बोलावून, समोर बसवून, दार लावून सांगायचं असतं. ते सांगणारी मी.

फोनवर काही सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. ‘जरा येऊन जाता का, एक तपासणी पुन्हा करायची आहे,’ एवढंच. फोन बायकोनं उचलला तर तेवढंही नाही. आणि खोलीत जे बोललं जाईल ते खोलीबाहेर न्यायचं नाही, हा शेवटचा नियम. तो मी आजवर पाळला. ही हकिकत लिहिते आहे ती ज्यांची आहे त्यांनी ‘लिवा’ म्हणून सांगितलं म्हणून, आणि तरीही नावं बदलली आहेत.

चाकूर तालुक्यातल्या एका गावात मन्मथआप्पांचं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की आसपासच्या शेतांतून माणूस आप्पांकडं यायचा. उंच, रुंद खांद्यांचे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की दुकानात बोलले तर चौकात ऐकू यावं. तरुणपणी त्यांनी खांबावरून पडलेल्या एका लाईनमनला टेम्पोत घालून लातूरला आणलं होतं. तिथं स्वतःचं रक्त देताना कळलं की आपला गट ओ निगेटिव्ह, फार थोड्यांचा असतो. तेव्हापासून आम्ही फोन करायचा आणि आप्पांनी यायचं, असं चालू होतं. सुईची मात्र त्यांना भीती वाटायची. खाटेवर आडवे झाले की तोंड भिंतीकडं करून मोठ्यानं ‘शिव शिव’ म्हणायचे. आमच्या मुली हसायच्या. तेही हसायचे, पण भिंतीकडं बघूनच.

वडिलांच्या पुण्यतिथीला, माघात, ते गावात शिबिर घ्यायचे. जेवणावळीऐवजी शिबिर घेतलं म्हणून भावकी पहिल्या वर्षी नाराज होती, मग सवय झाली. शिबिराच्या दिवशी गावातली पारूबाई सकाळपासून उप्पीट आणि चहाच्या मागं असायची. मजुरी करणारी, सडसडीत, कायम घाईत. मला बघितलं की चुलीपासूनच ‘जयभीम ताई’ म्हणायची आणि पहिली बशी मला आणून द्यायची. आलेल्या लोकांचा रक्तदाब बघायला टेबलाशी नागोराव बसायचे. नागोराव पूर्वी एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. डॉक्टर गाव सोडून गेले आणि नागोराव राहिले. गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं. ताप, जुलाब, अंगदुखी, काहीही असो, हाक मारली की यायचे, आणि सुई किंवा सलाईन लावून जायचे. आमच्याकडं सलाईन लावल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही, हे मराठवाड्यात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. आप्पा आणि नागोराव शाळेपासूनचे दोस्त.

एका वर्षीच्या शिबिरानंतर तपासणीत आप्पांची पिशवी बाजूला निघाली. सी प्रकारची कावीळ. आमच्या तंत्रज्ञानं पुन्हा तपासणी केली, तेच आलं. तो माझ्या खोलीत आला आणि नुसता उभा राहिला. मी विचारलं, “कोण?” त्यानं नाव सांगितलं. शिबिरांना तोही माझ्यासोबत जायचा.

मी फोन केला. “आप्पा, लातूरला येणं होईल का?”

“का हो ताई, लागालंय का कुणाला?”

“या तर खरं.”

“हे निघालोच बघा.”

दुपारच्या आत ते हजर झाले. पोटभर जेवून आले होते, पाण्याची बाटली संपवून आले होते, जसं आम्हीच लोकांना सांगतो तसं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी उजवी बाही कोपराच्या वर सारली आणि विचारलं, “पेशंट कुठला हाय? बाळंतीण हाय का?”

इतक्या लोकांना मी त्या खोलीत सांगितलं होतं. शब्द ठरलेले असतात, कसे जोडायचे ते शिकवलेलं असतं. त्या दिवशी त्या उघड्या दंडाकडं बघून मला सुरुवात सापडेना. शेवटी मी म्हणाले, “आप्पा, आज रक्त घ्यायचं नाही. बाही खाली करा.”

मग सांगितलं. कावीळ आहे, पण डोळे पिवळे होतात ती नव्हे. यकृतात गुपचूप बसून राहणारी. दुखत नाही, खुपत नाही, आणि वर्षानुवर्षं कळत नाही. आता यावर गोळ्या निघाल्या आहेत, बरी होते. पण पक्कं करायला आणखी एक तपासणी लागेल.

आप्पांनी सगळं ऐकलं. माझी अपेक्षा होती की ते ‘मला कसं काय’ असं विचारतील. बहुतेक सगळे तेच विचारतात. ते म्हणाले, “आन् दसऱ्याच्या टायमाला दिलं होतं ते? ते कुणाला गेलं?”

हा प्रश्न मीच त्यांच्यापुढं उशिरा काढणार होते. रोग शरीरात शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. त्या मधल्या काळात कुणी रक्त दिलं तर तपासणी साफ येते आणि रक्त मात्र साफ नसतं. म्हणून असं काही निघालं की त्या माणसाचं आधीचं रक्त कुणाला गेलं ते शोधून त्या पेशंटला तपासावं लागतं. आप्पांचं आधीचं रक्त एका बाळंतिणीला गेलं होतं. लोहा तालुक्यातली पोर, लातूरला नणंदेकडं आली असताना बाळंतपणात अडली होती. त्या रक्तानं ती वाचली होती.

“तिला बोलावतोय आम्ही,” मी म्हणाले. “तुमची ती तपासणी साफ होती. घाबरायचं कारण कमी आहे.”

“कमी हाय, पर हाय.”

“हो. आहे.”

त्यांनी बाही हळूहळू खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. “लेकरू अंगावर पीत असंल तिचं,” एवढंच म्हणाले.

कुठून आलं असेल हेही विचारावं लागतं. ऑपरेशन, गोंदण, दाढीचं पातं, मी एकेक विचारत गेले. सगळ्याला नाही. मग सुया. सोयाबीन काढताना त्यांची कंबर धरली होती. नागोरावांनी ओळीनं काही दिवस सुया दिल्या होत्या. त्याआधीही एकदा-दोनदा घेतल्या होत्या.

“सुई नवी असायची?”

“हाव. सुई नवीच. माझ्यासमोर फोडतो की.”

“आणि पिचकारी? ज्यात औषध भरतात ती?”

बाहेर शीतपेटीची मोटार चालू झाली. मग ते म्हणाले, “ती तीच असती.”

त्या बाळंतिणीचा शोध मीच घेतला. माझं माहेर लोह्याचं, त्यामुळं गाव सापडायला अडचण आली नाही. आमच्या तंत्रज्ञाला घेऊन एसटीनं गेले, शिवारातून चालत तिच्या घरी पोचले. पोर विशीतली, मांडीवर गुटगुटीत मुलगी. तिला घाबरवायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही, अशी ती कसरत. ‘रक्त घेतलेल्यांची आम्ही पुन्हा एक तपासणी करतो आहोत, एका दात्याच्या तब्येतीत काही निघालं आहे, तुम्हाला काही असेल असं वाटत नाही, पण बघून घेऊ,’ असं सांगितलं. तिनं दंड पुढं केला आणि विचारलं, “ज्यानं दिलं तो माणूस बरा हाय न्हवं?” दाता कोण हे सांगता येत नाही. मी म्हणाले, “औषध चालू होईल त्यांना.” ती म्हणाली, “मंग बरं.”

तिच्या तपासणीचं उत्तर येईपर्यंत आप्पा रोज फोन करायचे. स्वतःच्या दुसऱ्या तपासणीचं विचारायचे नाहीत. “आलं का तिचं?” एवढंच. आलं नाही म्हटलं की ठेवून द्यायचे. उत्तर साफ आलं तेव्हा मी फोन केला, तर पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन तुटला. मग आप्पांच्या बायकोचा, कलावतीबाईंचा आवाज आला, “काय झालं हो ताई? हे रडालेत.” नियम होता, त्यामुळं मी म्हणाले, “चांगली बातमी आहे, ते सांगतील.”

दुसऱ्या तपासणीत नक्की झालं की आप्पांना आजार आहेच. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. बायको आणि मुलगी गौरी, दोघींची तपासणी साफ आली. पण कलावतीबाईंनी माझ्या खोलीत बसून हात जोडले. गौरीची सोयरीक त्याच सुमारास जुळत होती. “ताई, ही गोष्ट ह्या खोलीतच राहू द्या. बापाला कावीळ म्हटल्यावर कोण सोयरीक करंल? लोकाला काय कळतंय कोणती कावीळ.” मी म्हणाले, “माझ्याकडून बाहेर जाणार नाही.” आप्पा खाली बघत बसले होते.

इथं माझ्या धंद्याची अडचण सांगते. गावात नागोरावांच्या सुया चालूच होत्या. ज्या पिचकारीनं आप्पांना हे दिलं, तिनं आणखी कुणाकुणाला दिलं असेल हे मला कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. कुणाचंही नाव न घेता मी आरोग्य खात्याला कळवलं. तिथून माणसं आली, गावात घरोघरी विचारलं, आमच्याकडं कुणी सुया देत नाही असं सगळ्या गावानं एकमुखानं सांगितलं. नागोराव रात्री-अपरात्री धावणारा माणूस, त्याला कोण अडचणीत आणणार? आलेली माणसं परत गेली. मला गावाचा राग आला नाही. मीही त्या गावात राहिले असते तर बहुधा हेच सांगितलं असतं.

गोळ्या संपल्या. नंतर काही काळ थांबून शेवटची तपासणी करतात, तीही झाली. श्रावणातल्या एका सोमवारी आप्पा माझ्या खोलीत आले, उपवास असूनही चेहरा नुसता फुललेला. रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. आजार पूर्ण गेला होता.

“घ्या ताई,” ते म्हणाले आणि उठून रक्तदानाच्या खोलीकडं निघालेसुद्धा. “आज उपास हाय, पर केळी खातो दोन. चालतंय न्हवं?”

मला वाटलं होतं, हे त्यांना आधी कुणी तरी सांगितलं असेल. सांगितलं नव्हतं. “आप्पा, बसा,” मी म्हणाले. “एकदा हा आजार होऊन गेला की परत रक्त घेत नाहीत. बरा झाला तरी. नियमच आहे तसा.”

“पर निगेटिव्ह हाय की हो. हे बघा, लिवलंय.”

“तुमच्या शरीरासाठी हे बरोबर आहे. दुसऱ्याला देण्यासाठी नाही. आम्ही शंका ठेवून चालतो, खात्री ठेवून नाही.”

“किती दिवस?”

“कायमचं.”

आजार आहे म्हटल्यावर हा माणूस हलला नव्हता. आता त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. ते खुर्चीत बसले, रिपोर्टची घडी केली, परत उघडली, परत केली. “लोक काय काय देतेत,” ते म्हणाले. “कुणी देऊळ बांधतंय, कुणी अन्नदान करतंय. मला एवढं एकच जमत होतं.”

मी त्यांना सांगितलं की तुम्ही शिबिर घेता, तुमच्यामुळं इतके लोक देतात. हे सगळं खरं होतं, आणि त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता. ते ‘हाव, हाव’ म्हणत उठले आणि गेले.

दिवाळीनंतर पारूबाईला लातूरला भरती केलं. पोट फुगलं होतं, पायांवर सूज, आणि आता डोळेही पिवळे. यकृत कामातून गेलं होतं. तीच कावीळ. आप्पाच तिला टेम्पोतून घेऊन आले होते. मी वॉर्डात गेले तर तिनं उशीवरूनच ‘जयभीम ताई’ म्हटलं आणि यंदा उप्पीट कोण करणार म्हणून काळजी करायला लागली. मला तिच्याकडं बघवेना.

बाहेर व्हरांड्यात आप्पांनी मला गाठलं. “ताई, खरं सांगा. मी वर्षभर गप बसलो म्हणून झालं का हे?”

“नाही. यकृत असं व्हायला पुष्कळ वर्षं लागतात. तुमच्या कितीतरी आधीपासून असेल तिला.”

“मंग दुसऱ्यांचं? आज ज्यांना न्हाई कळालं त्यांचं?”

तो प्रश्न सोडवायला मी त्यांना मदतही करू शकत नव्हते. ‘बोला’ म्हणणं माझं काम नव्हतं, आणि ‘गप्प बसा’ म्हणवत नव्हतं. गौरीचा साखरपुडा झाला होता, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढं काय घडलं ते मला गौरीनं नंतर सांगितलं. आप्पांनी घरी विषय काढला. कलावतीबाई म्हणाल्या, लग्न होऊ द्या, मग गावभर दवंडी पिटा. गौरी म्हणाली, “बाबा, उन्हाळ्यापर्यंत डॉक्टरकाका किती जणांना सुया देतील?” त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सकाळी कलावतीबाईच म्हणाल्या, “बोला तुम्ही. पर आधी नागोरावला सांगून या. त्याला चारचौघांत गाठू नका.”

आप्पा सांगायला गेले. त्या दोघांत काय बोलणं झालं ते आप्पांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माघात शिबिर झालं. पारूबाई तेव्हा राहिली नव्हती. शाळेच्या पटांगणात नेहमीसारखा मांडव होता, खाटा लावल्या होत्या. रिवाज असा की पहिल्या खाटेवर आप्पा झोपायचे, मग बाकीचे. लोक त्यांची वाट बघत होते. आप्पा खाटेकडं गेले नाहीत. माईक हातात घेतला, पण त्यांना माईकची गरज कधीच नव्हती.

“यंदा मी रक्त देणार न्हाई,” ते म्हणाले. “आता माझं रक्त चालत न्हाई. मला कावीळ निघाली होती, रक्तातली. इलाज केला, बरा झालो. पर रक्त चालत न्हाई ते न्हाईच.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. समोरच्या रांगेतल्या एका माणसानं आपली खुर्ची थोडी मागं ओढली. ते आप्पांनी बघितलं.

“ओढा खुर्ची, माझी ना न्हाई. ही शेजारी बसून होत न्हाई, एका ताटात जेवून होत न्हाई, ते ह्या ताई सांगतील. ही रक्तातून होती. मी कंबरेसाठी सुया घेतल्या होत्या. कुठं घेतल्या ते तुमाला ठाऊक हाय. कारण तुमीबी तिथंच घेतल्या.”

नागोराव रक्तदाबाच्या टेबलाशी नेहमीच्या जागी बसले होते. सगळ्या माना तिकडं वळल्या.

“त्याच्यावर कुणी हात उचलायचा न्हाई,” आप्पा म्हणाले. “आपणच त्याच्या दारात रांग लावली. सुई न्हाई दिली तर आपणच म्हणायचो, ह्याला काय कळतंय. पारूबाई गेली. तिला कशानं झालं ते तिला कळायच्या आत गेली. आज रक्त देऊ नका, तपासून घ्या. मी एवढंच मागतो.”

नागोराव उठले. मला वाटलं आता हे मांडवातून बाहेर पडतील, आणि पडले असते तर मी समजू शकले असते. ते सरळ मी आणि तंत्रज्ञ बसलो होतो त्या टेबलाशी आले. बाही वर केली. “बाई,” ते म्हणाले, “पयलं माझं घ्या. टोचताना माझ्याच हाताला लागल्यात कितीतरी येळा.”

त्यांच्या मागं कुणी येईना. बराच वेळ ते एकटेच टेबलाशी उभे होते. मग पारूबाईचा नवरा उठला आणि त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं नागोरावांकडं बघितलं नाही, नागोरावांनी त्याच्याकडं बघितलं नाही. पण तो उभा राहिल्यावर मग गाव उठलं.

त्या वर्षी शिबिरात रक्ताच्या पिशव्या जवळजवळ मिळाल्याच नाहीत. आमच्या संस्थेत वरून मला विचारणा झाली, शिबिर वाया का गेलं. तपासणीत गावातले बरेच लोक निघाले. नागोरावही. म्हातारे होते, तरुण होते, एक शाळकरी पोरगीही होती. एकेकाला मी त्या चिंचोळ्या खोलीत बसवून सांगितलं, पण या वेळी कुणीही एकटं आलं नव्हतं. आप्पांचा टेम्पो ठरलेल्या दिवशी सगळ्यांना गोळ्यांसाठी लातूरला आणायचा. नागोराव त्यात सगळ्यांबरोबर मागं बसायचे. पहिल्या काही खेपांना त्यांच्या शेजारची जागा मोकळी असायची. सुया त्यांनी बंद केल्या. पुढं त्यांनी किराणा टाकला, तो बेताचाच चालतो. बहुतेक सगळे बरे झाले. दोघांना उशीर झाला होता.

गौरीची सोयरीक मोडली. मुलाचे वडील माझ्याकडं आले होते. “खरं सांगा, पोरीला काही हाय का?” मी म्हणाले, “मी कुणाविषयीच काही सांगत नाही. आजार कसा होतो आणि कसा होत नाही तेवढं सांगते.” त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आभार मानले, आणि गावी जाऊन नकार कळवला. त्या नकाराचं मला आजही वाईट वाटतं. मी आणखी काही वेगळं सांगायला हवं होतं असं नव्हे, वेगळं काही सांगण्यासारखं नव्हतंच. पण एवढं समजावून सांगता येणं हाच ज्या बाईचा धंदा, तिच्या समोरून माणूस सगळं समजून उठतो आणि तरी तसंच करतो. आप्पांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. कलावतीबाई मात्र बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, आणि तो त्यांचा हक्क होता. गौरी पुढं लातूरला शिकायला आली. यथावकाश तिचं लग्न झालं, उदगीरला, तिला सगळं विचारून आणि तिनं सगळं सांगून.

गौरीच्या लग्नाच्या आधीच्या माघात मी माझ्या शेवटच्या शिबिराला गेले. त्यानंतर मी निवृत्त होणार होते. आता नांदेडला राहते. त्या वर्षी मांडव परत भरला होता. आप्पा खाटांमधून फिरत होते. पहिल्यांदा रक्त देणारी पोरं घाबरली की त्यांच्या उशाशी उभे राहायचे आणि ‘भिंतीकडं बघ, शिव शिव म्हण’ असं शिकवायचे. तेवढ्यात गौरी आली आणि मोकळ्या खाटेवर आडवी झाली. तिचाही गट ओ निगेटिव्ह. आधी वजन कमी भरायचं म्हणून तिला परत पाठवलं होतं, या वेळी भरलं.

आप्पा तिच्या पायाशी उभे राहिले. सुई टोचताना गौरीनं डोळे मिटले नाहीत, त्यांनी मिटले.

“दुखतंय का गं?”

“न्हाई बाबा.”

पिशवी भरली. आमच्या मुलीनं नळी बंद केली, पिशवी सोडवली आणि ट्रेकडं निघाली. आप्पांनी तिला अडवलं. “बाळ, जरा हातात देती का? एवढं दिलं, पर कधी हातात न्हाई घेतलं.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

आप्पांनी दोन्ही तळहात पुढं केले. पिशवी त्यांच्या हातांवर ठेवल्यावर ते एकदम दचकले, मग त्यांनी बोटं हळूच मिटली.

“गरम हाय की हो ताई,” ते म्हणाले. “मला ठाऊकच न्हवतं.”